मिळकत कुणाची, हिशेब कुणाकडे?

महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाच्या स्थापनेची अधिसूचना ४ जानेवारी २००२ ची आहे. राज्यातल्या वक्फ मिळकतींची पाहणी करण्यासाठी शासनाने १ डिसेंबर १९९७ रोजी जमाबंदी आयुक्तांना नेमले होते. त्यांचा अहवाल आला तो ३१ जानेवारी २००२ ला. मंडळ आधी झाले, पाहणीचा अहवाल सत्तावीस दिवसांनी मागून आला. या मागेपुढे झालेल्या तारखांवरून आणि त्यानंतर १३ नोव्हेंबर २००३ ला मंडळाने प्रसिद्ध केलेल्या वक्फांच्या यादीवरून जो वाद पेटला, तो मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जवळपास वीस वर्षे चालला. मंडळाचे मुख्य कार्यालय औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीच्या आवारात आहे. तिथून खाम नदी ओलांडली की छावणीचा रस्ता लागतो.

वादातला प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेला होता: मुसलमान व्यक्तीने धर्मादायासाठी काढलेली प्रत्येक संस्था वक्फच असते का? पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे, आणि तो कोर्टाइतकाच मशिदीच्या ओट्यावर विचारला जातो. दान देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये अंजुमन, ट्रस्ट, सोसायटी असे काही उभे राहिले, तर ते शरीयतला चालते का? जकात संस्थेच्या हाती दिली तर ती अदा झाली असे समजायचे का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे फतव्यांच्या ग्रंथांत, सनदांत, कायद्यांत आणि निकालपत्रांत विखुरलेली आहेत. ते सगळे कागद कालक्रमाने लावले की एक गोष्ट लख्ख दिसते. शरीयतच्या पंडितांनी संस्थेला सरसकट हरकत कधी घेतलेली नाही. त्यांनी प्रत्येक वेळी दोनच गोष्टी विचारल्या: मिळकत कुणाची झाली, आणि तिचा हिशेब कोण कुणाला देणार.

सुरुवात औरंगजेबाच्या काळातल्या ग्रंथापासून करणे सोयीचे, कारण या शहराला त्याचे नाव होते आणि त्याची कबर खुलताबादला आहे. ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी विधींचा मोठा संग्रह १६६४ च्या सुमारास हाती घेतला गेला आणि आठेक वर्षांत पुरा झाला. तो रचणाऱ्या उलेमांच्या मंडळाचे प्रमुख शेख निजाम हे बुऱ्हाणपूरचे, म्हणजे दख्खनच्या उंबऱ्यावरचे. या संग्रहात वक्फावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात आधीच्या इमामांचे मतभेद लपवलेले नाहीत. इमाम अबू हनिफा यांच्या मते वक्फ केलेली वस्तू करणाऱ्याच्याच मालकीची राहते, तिचे फक्त उत्पन्न दान होते, आणि काजीने निकाल दिल्याशिवाय किंवा मृत्युपत्रात तसे लिहिल्याशिवाय वक्फ त्याच्यावर बंधनकारक होत नाही. त्यांचे दोन शिष्य या बाबतीत गुरूच्या विरुद्ध गेले. दोघांच्याही मते वक्फ झाला की मालकी माणसाकडून निघून अल्लाहकडे जाते. इमाम अबू युसुफ म्हणाले की त्यासाठी तोंडाने सांगितले तरी पुरे. इमाम मुहंमद यांनी मिळकत मुतवल्लीच्या, म्हणजे व्यवस्थापकाच्या, ताब्यात देण्याची अट घातली. हिंदुस्थानात पुढे अबू युसुफ यांचे मत चालले. हा मतभेद नुसता पांडित्याचा नाही. मुंबईच्या ट्रस्टांवरून २००२ नंतर जो खटला झाला, त्यातला कळीचा मुद्दा मालकी कुठे जाते हाच होता.

या सगळ्याच्या मुळाशी खैबरच्या जमिनीची हकिगत आहे. हजरत उमर यांना तिथे जमीन मिळाली तेव्हा त्यांनी पैगंबरांचा सल्ला घेतला. सल्ला असा की मूळ जमीन रोखून ठेवावी आणि तिचे पीक वाटावे. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसात वाटायची नाही. जो तिची देखभाल करील त्याने रीतसर प्रमाणात तिच्यातून खाल्ले तर दोष नाही. उमर यांनी पुढे जे वक्फपत्र केले त्यात देखभाल त्यांच्या मुलीकडे, हफ्सा यांच्याकडे सोपवली आणि त्यांच्यामागे घराण्यातल्या समजदार माणसांकडे. म्हणजे पहिल्याच कागदात व्यवस्थापक आहे, तिची नेमणूक आहे, तिच्यामागे कोण हे ठरलेले आहे आणि व्यवस्थापकाचा मेहनतानाही मान्य आहे. ज्यांना संस्था ही अलीकडची, परक्यांकडून आलेली गोष्ट वाटते, त्यांनी हा कागद आधी वाचायला हवा. त्यात कार्यालय आणि शिक्का नसेल, पण व्यवस्थेचे सगळे सांधे आहेत.

पाणचक्की ही त्या व्यवस्थेची आपल्याकडची नांदती खूण. मध्य आशियातून आलेले दोन नक्शबंदी सूफी, बाबा शाह पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर, सतराव्या शतकाच्या शेवटी इथे स्थिरावले. पलंगपोश १६९९ मध्ये वारले. मुसाफिरांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी दोघांच्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या. ‘मलफूजात-ए-नक्शबंदिया’ या नावाने तो ग्रंथ हैदराबादेत छापला गेला आणि सायमन डिग्बी या इतिहासकाराने त्याचे इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये प्रसिद्ध केले. या ग्रंथाचे मोल असे की तो बादशाही फर्मानांच्या उंचीवरून पाहत नाही. त्यात मोगल सरदार गाजीउद्दीन खान फिरोज जंगाच्या फौजेतले तुराणी शिपाई आहेत, त्यांचे नवस आहेत, त्यांनी आणून दिलेला पैसा आहे, आणि त्या पैशातून चाललेला तकिया, म्हणजे फकिरांचा मठ, आहे. नदीकाठच्या या तकियात फकीर, मुरीद आणि वाटसरू यांना अन्न मिळे. उत्तरेकडच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंच भिंतीवरून सोडून त्यावर जाते फिरवले जाई आणि त्याचे पीठ लंगरला लागे.

शाह महमूद यांनी हिशेबनीस म्हणून लिहिलेले नाही, ते भक्तीने लिहितात. तरीही त्यांच्या पानांतून एक बारीक बदल टिपता येतो. सुरुवातीला पैसा एका बाबांच्या हाती येतो आणि त्याच हाताने जातो. त्या हाताची नियत चोख आहे एवढे देणाऱ्याला पुरते. बाबा गेल्यावर मात्र हौद, मशीद, चक्की, बाग हे सारे मागे उरते, आणि ते सांभाळणारा माणूस संत नसला तरी चालेल, पण तो जबाबदार हवा. शिपायाने बाबांना दिलेले नजराणे आणि दर्ग्याच्या लंगराला लावून दिलेले उत्पन्न या विधीच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बक्षीस आहे, ती घेणाऱ्याची खासगी मालमत्ता होते. दुसरीत घेणारा केवळ राखणदार आहे. दख्खनमधल्या कितीतरी दर्ग्यांचे तंटे ही रेघ पुसट झाल्यामुळे झाले आहेत. दर्ग्याच्या गादीवरच्या सज्जादानशीनाच्या मुलांनी लंगराची जमीन घरची समजावी, आणि गावाने घरची जमीन दर्ग्याची समजावी.

छावणीचा इतिहास या रेघेला आणखी एक वळण देतो. खाम नदीच्या पश्चिमेला वसलेली ही वस्ती हैदराबाद कंटिंजंटची. फौज नावाने निजामाची, पगार निजामाच्या खजिन्यातला, अधिकारी इंग्रज. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. जून १८५७ मध्ये इथल्या घोडदळाने उठाव केला. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले. या शिपायांची श्रद्धा कुठे वळली होती हे नाईल ग्रीन यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात फार नेटके मांडले आहे. १९२१ मध्ये वारलेले औरंगाबादचे फकीर बन्ने मियां आणि त्यांच्या करामतींची उर्दूत लिहिलेली हकिगत हे ग्रीन यांचे एक मुख्य साधन. त्या हकिगतीतही शिपायाची पगारातली रक्कम आणि फकिराची दुवा यांची देवघेव आहे. पलंगपोशांच्या काळानंतर दोनशे वर्षांनी तीच नदी, तसेच शिपाई. मात्र आता बाजूलाच दुसरी एक गोष्ट उभी राहत होती: छापील पावती.

ती पावती कुठून आली हे कळायला उत्तरेत जावे लागते. ३० मे १८६६ रोजी देवबंदला मदरसा सुरू झाला. त्याआधीचे मदरसे बहुधा एखाद्या अमीराच्या वक्फावर किंवा राजाच्या इनामावर चालत. मोगल सत्ता संपली होती, दाते उरले नव्हते. संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानौतवी यांनी मदरशासाठी आठ मूलतत्त्वे लिहिली. त्यांचा रोख असा की संस्थेने जहागीर, कारखाना किंवा सरकारी मदत अशा बांधील उत्पन्नाच्या मागे लागू नये. सामान्य माणसांच्या लहान वर्गणीवर चालावे आणि कारभार सल्लामसलतीने करावा. हैदराबाद राज्यात इनामांची रेलचेल असताना उत्तरेत हे लिहिले जात होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वर्गणी आली की पावती पुस्तक आले, वार्षिक हिशेब आला, गावोगाव फिरून चंदा गोळा करणारा सफीर आला, आणि त्याच्याबरोबर फिक्हचे, म्हणजे शरीयतच्या विधिशास्त्राचे, अवघड प्रश्न आले.

कारण वर्गणीत जकात मिसळलेली असते. वक्फात आणि जकातीत मोठा फरक आहे. वक्फात मूळ वस्तू राखायची आणि उत्पन्न खर्चायचे. जकात राखून ठेवायची नसते, ती पोचवायची असते. कुराणच्या नवव्या सूरेतल्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्यानंतर तिसरे नाव जकात गोळा करणाऱ्यांचे आहे. मध्यस्थाची सोय खुद्द ग्रंथातच आहे. पण हनफी पंडित त्यावर एक कडक अट घालतात, तिला तमलीक म्हणतात. जकातीची रक्कम एखाद्या गरजू माणसाच्या पूर्ण मालकीत गेली पाहिजे. म्हणून जकातीतून मशीद बांधता येत नाही, पूल बांधता येत नाही, शिक्षकाचा पगार देता येत नाही, बेवारस मयताचे कफनही घेता येत नाही, कारण मयत मालक होऊ शकत नाही.

मग मदरशाच्या पेटीत पडलेली जकात कधी अदा झाली? पेटीत पडली तेव्हा, की त्यातून विद्यार्थ्याच्या ताटात भाकरी आली तेव्हा? मदरशाचा मोहतमिम, म्हणजे कारभारी, देणाऱ्याचा वकील असेल, तर विद्यार्थ्यावर खर्च होईपर्यंत जकात देणाऱ्याच्याच मालकीची राहते. मधल्या काळात तो वारला तर पैसे त्याच्या वारसांना परत करावे लागतील. मोहतमिम विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असेल, तर पावती फाडताच जकात अदा झाली. मौलाना रशीद अहमद गंगोही यांनी दुसरी बाजू घेतली: मोहतमिम हा विद्यार्थ्यांचा नायब. उपखंडातल्या मदरशांच्या हिशेबाची इमारत बऱ्याच अंशी या मतावर उभी आहे. साध्या दिसणाऱ्या पावतीमागे एवढा काथ्याकूट आहे, हे चंदा देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

दोन आडवाटाही याच अटीतून निघाल्या. एक, हीला-ए-तमलीक. जकातीची रक्कम एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हातात ठेवायची, त्याने ती ‘स्वखुशीने’ मदरशाला परत द्यायची, आणि मग ती इमारतीला किंवा पगाराला वापरायची. अनेक मुफ्ती निकड असेल तरच याला परवानगी देतात. माझे मत सांगायचे तर ज्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या हातातून रक्कम फिरवणे हे मालकीचे नाटक आहे, आणि ज्या अटीने गरिबाचा मान राखला तिलाच ते पोखरते. दुसरी आडवाट सफीराच्या टक्केवारीची. गोळा केलेल्या रकमेवर शेकडा इतके असा मेहनताना देवबंदी मुफ्ती नाजायज ठरवतात, कारण मजुरी आधी ठरलेली हवी. पगार द्या, टक्का नको. रमजानमध्ये फितरा आणि जकात, बकरी ईदला कुर्बानीची कातडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा नियम विचारण्याचा हक्क देणाऱ्याला आहे.

जगात इतरत्र हेच प्रश्न आले. सोळाव्या शतकात उस्मानी तुर्कस्तानात रोकड रकमेचा वक्फ चालेल का यावर शेखुल-इस्लाम अबुस्सुऊद आणि बिरगिवी यांच्यात मोठा वाद झाला. पहिल्यांनी रूढी आणि लोकांची गरज पाहून होकार दिला, दुसऱ्यांनी व्याजाच्या भीतीने नकार. १९८६ मध्ये अम्मानला भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने जकातीचा पैसा उत्पादक प्रकल्पांत घालता येईल असा ठराव केला, पण अट अशी की हक्कदारांची तातडीची गरज आधी भागवावी आणि प्रकल्प शेवटी त्यांच्या मालकीचा व्हावा किंवा जकात वाटणाऱ्या अधिकृत यंत्रणेच्या हाती राहावा. इथेही प्रश्न तेच दोन.

आता कोर्टाकडे वळू. इंग्रजी न्यायाधीशांपुढे वक्फ आला तेव्हा त्यांनी तो आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवायला पाहिले. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बंगालच्या अबुल फता खटल्यात असे धरले की आधी घराण्याचे पोट भरणारा आणि शेवटी कधीतरी गरिबांकडे जाणारा वक्फ हा खरा धर्मादाय नव्हे. मुसलमान समाजात यावर मोठी अस्वस्थता पसरली, कारण शरीयतमध्ये स्वतःच्या गरजू नातलगांना देणे हेही दानच. मुंबईचे तरुण बॅरिस्टर मुहंमद अली जीना यांनी केंद्रीय विधिमंडळात आणलेल्या विधेयकातून १९१३ चा वक्फ वैधता कायदा झाला. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या आसनावर बसलेले सय्यद अमीर अली यांनी एका दक्षिणी मठाच्या खटल्यात निकाल देताना मठाचा महंत आणि वक्फाचा मुतवल्ली यांना एकाच ओळीत बसवले. दोघांच्याही नावे मिळकत होत नाही, दोघेही इंग्रजी अर्थाने विश्वस्त नव्हेत, दोघेही व्यवस्थापक. मठ आणि दर्गा यांच्या कारभारातले हे साम्य एका मुसलमान न्यायमूर्तीने ओळखले, याची आज आठवण ठेवायला हवी.

हैदराबाद संस्थानात इंग्रजी कोर्टांचा हा प्रवाह थेट पोचत नव्हता. तिथे उमूर-ए-मजहबी हे धर्मखाते होते. मशिदी, दर्गे, मंदिरे यांच्या इनामांची चौकशी होऊन मुंतखब निघत. मुंतखब म्हणजे इनाम कुणाला, कशासाठी, कोणत्या अटीवर याचा अधिकृत उतारा. त्यात ‘मशरूतुल खिदमत’ असा शेरा असला तर जमीन सेवेच्या अटीवर दिलेली आहे. इमामत, अजान, दिवाबत्ती होत राहील तोवरच ती जमीन कसायची. १३४९ फसलीच्या, म्हणजे १९४० च्या सुमाराच्या नियमांनी अशा देणग्या ‘किताब-उल-औकाफ’ या नोंदवहीत चढवणे सुरू झाले. मराठवाड्यात आज कुठल्याही मशिदीच्या जमिनीचा वाद काढा, बोलणे फिरून फिरून मुंतखबावर येते. ‘मशरूतुल खिदमत’ हे निजामी दफ्तरातले शब्द पुढे स्वतंत्र भारताच्या १९५४ च्या आणि १९९५ च्या वक्फ कायद्यांत व्याख्येच्या कलमात जसेच्या तसे जाऊन बसले.

यातून एक विलक्षण भौगोलिक भेद तयार झाला. छावणीतून नगर नाक्यावरून निघालेला रस्ता कायगावला गोदावरी ओलांडतो. नदीपलीकडे टोके, म्हणजे जुना इंग्रजी मुलूख. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० मध्ये आला. त्यातल्या ‘सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था’ या व्याख्येत मंदिर, मठ, चर्च, अग्यारी यांच्या जोडीला वक्फही घातलेला होता. म्हणून नगरची मशीद धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरात विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदली गेली. मराठवाड्याला मात्र केंद्राचा १९५४ चा वक्फ कायदा लागू झाला आणि औरंगाबादेत मराठवाडा वक्फ मंडळ बसले. एकाच राज्यात, एकाच नदीच्या दोन तीरांवर, एकाच पंथाच्या दोन मशिदींना दोन दफ्तरे, दोन कायदे आणि हिशेब मागणारे दोन वेगळे अधिकारी मिळाले. शरीयत दोन्हीकडे तीच. १९९५ चा कायदा सबंध देशाला लागू झाल्यावर ही दोन दफ्तरे एक करण्याची वेळ आली, आणि २००२ सालच्या त्या मागेपुढे झालेल्या तारखांचा घोळ तिथे सुरू होतो.

त्याआधीचा एक निकाल मात्र इथे सांगितलाच पाहिजे, कारण तो आपल्याच जुन्या राज्यकर्त्याच्या दानाबद्दलचा आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी संस्थान विलीन झाल्यानंतर एक धर्मादाय ट्रस्ट केला. तो वक्फ आहे, सबब वक्फ कायद्याखाली आणावा, असा वाद उभा राहिला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवाब झैन यार जंग खटल्यात निकाल दिला: हा वक्फ नव्हे. निकालपत्र न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे. त्यांनी दस्तऐवजाची भाषा पाहिली. दानाचा लाभ जातिधर्माचा भेद न करता द्यायचा होता, आणि मिळकत विश्वस्तांकडे सोपवली होती. मुसलमान माणूस वक्फ करू शकतो तसाच तो साधा सार्वजनिक ट्रस्टही करू शकतो, असा त्याचा अर्थ. देणारा कोण यावर दानाचे स्वरूप ठरत नाही, त्याने काय लिहून दिले यावर ठरते.

मुंबईतल्या जुन्या मुस्लिम ट्रस्टांनी २००३ च्या यादीनंतर कोर्टात हाच मुद्दा मांडला. धर्मादाय आयुक्तांच्या परिपत्रकाने त्यांच्या नोंदी एका फटक्यात दुसऱ्या दफ्तराकडे निघाल्या होत्या. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने मंडळाची स्थापनाच रद्द ठरवली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि हृषीकेश रॉय यांच्या पीठाने तो निकाल फिरवला आणि मंडळ शाबूत ठेवले. पण त्याच निकालात त्यांनी हेही सांगितले की इस्लाम मानणाऱ्याने केलेला प्रत्येक धर्मादाय हा आपोआप वक्फ होत नाही. वक्फात मालकी अल्लाहकडे जाते, ती कायमची असते, मिळकत विकता येत नाही. ट्रस्टात मालकी विश्वस्ताकडे जाते आणि दस्तऐवज परवानगी देईल तर तो ती विकूही शकतो. प्रत्येक संस्थेचा कागद पाहूनच ठरवावे लागेल. खैबरच्या जमिनीपासून मुंतखबापर्यंत फिक्हने जे विचारले तेच कोर्टाने विचारले, आणि मला हा निकाल या विषयातला सर्वांत समंजस कागद वाटतो.

शहरात या दुसऱ्या, म्हणजे ट्रस्ट-सोसायटीच्या, मार्गाचे ठळक उदाहरणही आहे. रौजा बागेतले मौलाना आझाद महाविद्यालय १९६३ चे. डॉ. रफीक झकेरिया यांनी ते शिक्षणसंस्थेच्या रूपाने उभे केले आणि तिथे सर्व समाजांची मुले शिकली. धर्माने मुसलमान असलेल्या लोकांनी समाजकार्यासाठी नोंदणीकृत संस्था काढली म्हणून शरीयत मोडली, असे कोणी म्हटले तर त्याने फतव्यांचे ग्रंथ उघडलेच नाहीत असे समजावे.

५ एप्रिल २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या वक्फ दुरुस्ती कायद्याने वक्फ आणि ट्रस्ट यांच्यातला हा भेद कलमातच घातला आहे: सार्वजनिक धर्मादायाच्या कायद्याखाली मुसलमानाने केलेल्या ट्रस्टला वक्फ कायदा लागू नाही. त्या कायद्याच्या इतर कलमांवर तीव्र वाद आहे. वक्फ करणाऱ्याने पाच वर्षे इस्लामचे पालन केलेले असावे ही अट आणि सरकारी मिळकतीच्या चौकशीचे काही अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ ला अंतरिम आदेशाने थांबवले आहेत. केवळ दीर्घ वापरावरून मिळकत वक्फ मानण्याची जुनी तरतूद मात्र पुढच्या काळासाठी काढली गेली आहे, आणि मराठवाड्याला त्याची झळ इतर भागांपेक्षा जास्त बसू शकते. इथल्या कितीतरी मशिदी, कब्रस्ताने आणि आशूरखाने वापराच्या बळावर उभे आहेत, दस्तऐवजाच्या नाही. छावणीच्या हद्दीत तर जमिनीवर संरक्षण खात्याचा हक्क हा आणखी एक पदर आहे.

म्हणून छावणी, बेगमपुरा, पडेगाव, खुलताबाद इथल्या मुतवल्लींना, मस्जिद कमिटीच्या सदरांना आणि जुन्या घराण्यांना एक विनंती. तुमच्या कपाटात, ट्रंकेत, कुराणशरीफच्या रेहलीखालच्या कापडात मुंतखब, सनद, वक्फनामा, किताब-उल-औकाफचा उतारा, खाजगी तडजोडीचा कागद, काहीही असेल, तर त्याची दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढा. फारसी शिकस्त आणि मोडी वाचणारा माणूस अजून शहरात आहे तोवर त्याचे वाचन लिहून घ्या. नक्कल वक्फ मंडळाच्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरात नोंदवून पोच घ्या. आणि जकात देणाऱ्यांनी पावती घेताना एवढेच विचारावे: माझी रक्कम कुणाच्या मालकीत जाणार, आणि वर्षाअखेरीस तिचा हिशेब मला कुठे पाहायला मिळेल?